नायबाचा नबॉब होतो तेव्हा

समाज श्रीमंतीला कोणती नावे देतो, यावरून त्याचे संपत्तीविषयीचे मत कळते. अठराव्या शतकातील लंडनची बोलभाषा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ मध्ये तिचा कोश प्रसिद्ध केला. त्यात पैसेवाल्या माणसाला 'वॉर्म', म्हणजे उबदार, म्हटले आहे. आपल्याकडे खिसा गरम असतो, तसेच. एक लाख पौंडांच्या रकमेला 'प्लम' असे फळाचे नाव होते. या शब्दांत थट्टा आहे, थोडा हेवाही आहे. मात्र पैसा आला कोठून, हा प्रश्न नाही.

तो प्रश्न ज्या शब्दात दडला होता, तो भारतातून गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत गडगंज होऊन मायदेशी परतलेल्यांना इंग्रज 'नबॉब' म्हणू लागले. हे 'नवाब' या शब्दाचे बदललेले रूप. आणि नवाबाचे मूळ अरबी 'नायब' या शब्दात आहे. आपल्या नायब तहसीलदाराच्या पदनामातील नायब तोच. नायब म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. अशा प्रतिनिधीने स्वतःचेच घर भरले, की तो नबॉब होतो.

रॉबर्ट क्लाइव्ह हे त्याचे ठळक उदाहरण. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर मीर जाफरने त्याला दिलेल्या 'भेटी' २,३४,००० पौंडांच्या होत्या. पुढे वार्षिक सुमारे २७,००० पौंडांची जहागीरही मिळाली. दक्षिणेतील होनाला इंग्रज 'पॅगोडा' म्हणत. त्यावरून भारतात झटपट पैसा करण्याला 'पॅगोडाचे झाड हलवणे' असा वाक्प्रचार रूढ झाला. ते झाड कोणाच्या अंगणात होते, याचा त्यात उल्लेख नाही. बंगालमध्ये १७६९-७० साली भीषण दुष्काळ पडला, तेव्हाही महसुलाची वसुली सुरूच होती.

१७७२ मध्ये सॅम्युअल फूट यांनी 'द नबॉब' हे प्रहसन रंगभूमीवर आणले. अर्थात, या उपहासामागे बंगालच्या रयतेविषयी कणव होती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. नवश्रीमंत मंडळी इस्टेटी आणि संसदेतील जागा विकत घेत, याचा राग अधिक होता. तरीही शब्दामागोमाग कायदा आला. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने अधिकाऱ्यांना भेटी स्वीकारण्यास मनाई केली. वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावरील महाभियोग १७८८ ते १७९५ चालला आणि ते निर्दोष सुटले. प्रत्यक्ष फरक पडला तो कॉर्नवॉलिस यांच्या काळात: पगार वाढले आणि खासगी व्यापार बंद झाला. वरिष्ठ पदांची दारे भारतीयांना बंद झाली, तीही त्याच काळात.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून वाचलेले हे सारे मला प्रशासनात आल्यावर वेगळे दिसू लागले. आपल्याकडे या पैशाला मवाळ नावे आहेत: मराठीत 'वरकमाई', हिंदीत 'ऊपरी आमदनी', सर्वत्र 'चायपानी'. जणू ते कष्टाचे फळ किंवा पाहुणचार. १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा मात्र नेमकी विचारणा करतो: ज्ञात उत्पन्नाशी न जुळणारी मालमत्ता आली कोठून? तिला मराठी प्रशासनात 'अपसंपदा' हा उत्तम शब्द आहे. तो फायलीबाहेर फारसा पडलेला नाही.

१९६८ च्या आचरण नियमांनुसार अखिल भारतीय सेवांतील अधिकाऱ्यांना स्थावर मालमत्तेचे विवरण दरवर्षी द्यावे लागते. मीही सेवेत असेपर्यंत ते दिले. ते वेळेत आले का, हे काटेकोरपणे पाहिले जाई. त्यातील मालमत्ता पगाराशी जुळते का, असे मला कोणी कधी विचारले नाही. तक्रारीची वाट न पाहता दरवर्षी काही विवरणे सोडतीने निवडून स्वतंत्र यंत्रणेकडून तपासली जावीत. नायबाने हिशेब द्यावा, ही अपेक्षा त्याच्या पदनामातच आहे.