पनीर : किलाट की तक्रपिंड?

आहाराविषयी रुग्णांकडून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत पनीर आणि चीज यांचा क्रमांक अलीकडे बराच वर लागतो. शाकाहारी रुग्णास प्रथिने कोठून मिळावीत, मुलाच्या डब्यात चीजची चकती द्यावी काय, गर्भिणीने पनीर खावे काय, असे हे प्रश्न असतात. वैद्यवर्गाकडून त्यांना बहुधा दोन टोकांची उत्तरे मिळतात. काहीजण ‘नासलेले दूध ते अपथ्यच’ असे म्हणून मोकळे होतात, तर काहीजण कोष्टकातील प्रथिनांचा आकडा पाहून ते सरसकट सर्वांस देतात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे संहितेस धरून नाहीत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ व्या अध्यायात, गोरसवर्गात, पीयूष, मोरट आणि किलाट यांचा उल्लेख एकत्र येतो. हे पदार्थ गुरु, तर्पण, वृष्य, बृंहण व वातघ्न असून दीप्ताग्नी आणि अनिद्र व्यक्तींस सुखकर आहेत, असे तेथे सांगितले आहे. (पीयूष म्हणजे आपल्याकडील चीक, ज्याचा खरवस होतो. उपाहारगृहात त्याच नावाने मिळणाऱ्या श्रीखंड-ताकाच्या पेयाशी त्याचा संबंध नाही.) सुश्रुतही किलाटास गुरु, वातघ्न व निद्राप्रद मानतो. मात्र त्याच चरकाने सूत्रस्थानाच्या ५ व्या अध्यायात नित्य सेवन करू नये अशा द्रव्यांमध्ये दही, उडीद, मासे यांच्या पंक्तीस कूर्चिका व किलाट बसविले आहेत. निषेध आहे तो नित्यसेवनाचा, द्रव्याचा नव्हे.

खरा प्रश्न पुढे आहे. आजचे पनीर म्हणजे किलाट, असे समीकरण अनेक लेखांतून गृहीत धरलेले आढळते. भावप्रकाशाच्या दुग्धवर्गात मात्र नासलेले दूध शिजवून होणाऱ्या पिंडास किलाट म्हटले आहे. आणि दही वा ताकाने फाडलेले दूध वस्त्रात बांधून, द्रवांश काढून जो पिंड राहतो तो तक्रपिंड. आपल्या घरांतील पनीराची कृती आठवून पाहावी. तापलेल्या दुधात लिंबू, ताक किंवा आदल्या दिवसाचे आंबट पाणी घालावयाचे, फडक्यात बांधावयाचे, वर वजन ठेवावयाचे. ही कृती तक्रपिंडाच्या अधिक जवळ जाते. आणि तक्रपिंडाचे गुण चरकाने वेगळे दिले आहेत : विशद, गुरु, रूक्ष आणि ग्राही.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. किलाट समजून आपण वातप्रधान, बद्धकोष्ठाच्या कृश रुग्णास बृंहणार्थ पनीर देऊ लागलो, तर ग्राही व रूक्ष गुणांमुळे मलावरोध वाढण्याचा संभव असतो. उलट, अग्नी बरा असूनही मळ सैल होणाऱ्या रुग्णास थोडे पनीर चालून जाते. वातप्रधान रुग्णास द्यावयाचेच असेल, तर ते ताजे, मऊ, तुपावर परतून, सुंठ, मिरे व जिरे यांच्यासह, दुपारच्या जेवणात द्यावे, असे आम्ही सुचवितो. मंदाग्नी, स्थौल्य, कफज प्रतिश्याय व कफप्रधान त्वग्विकार यांत ते टाळणेच बरे.

पोषणाच्या दृष्टीने पाहता १०० ग्रॅम पनीरातून साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हशीच्या दुधाचे असल्यास स्नेहही २० ग्रॅमच्या पुढे जातो. दूध तापवून फाडल्यामुळे केसीनबरोबर निवळीतील प्रथिनेही बऱ्याच अंशी पिंडात येतात, हा पनीराचा विशेष होय. दुग्धशर्करा मात्र मुख्यतः पाण्यात निघून जाते. मोरट म्हणजे नासलेल्या दुधाचे पाणी, असे जेज्जटाचे मत भावमिश्राने नोंदविले आहे. ते पाणी टाकून न देता कणीक मळण्यास वापरावे.

चीजचा विचार निराळा करावा लागतो. ते बहुधा विरजण व रेनेट यांच्या योगे गोठवून, मीठ लावून, आठवडे वा महिने मुरविलेले असते. चेडर जातीच्या १०० ग्रॅम चीजमध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने, ३३ ग्रॅम स्नेह, ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असते. डब्यात जाणाऱ्या चकत्या बहुधा ‘प्रोसेस्ड’ असतात. त्यांत सायट्रेट व फॉस्फेट क्षार मिसळले जात असल्याने सोडियम आणखी वाढते. रक्तदाबाच्या व वृक्कविकाराच्या रुग्णांस हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

मुरण्यात आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते. प्रथिनांच्या विघटनातून टायरामीन व हिस्टामीन निर्माण होतात. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधणारी नैराश्यावरील औषधे घेणाऱ्यांत चीज खाल्ल्यानंतर रक्तदाब एकाएकी चढतो, हे ब्लॅकवेल यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे क्षयावरील आयसोनियाझिड हेही काही प्रमाणात हेच कार्य करते. ते चालू असता मुरलेले चीज खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, धडधड, डोकेदुखी अशी लक्षणे झाल्याच्या नोंदी आहेत. राजयक्ष्म्याचा रुग्ण बृंहणासाठीच आपल्याकडे येतो. त्यास पौष्टिक म्हणून चीज सांगण्यापूर्वी चालू औषधांची चिठ्ठी अवश्य पाहावी. ताज्या पनीरात ही द्रव्ये अत्यल्प असल्याने अशा रुग्णास अग्नी पाहून तेच द्यावे, आणि लक्षणे उद्भवल्यास ती ‘उष्णता’ म्हणून सोडून न देता त्याच्या क्षयचिकित्सकास कळवावीत.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंस दोन सूचना. लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या गिऱ्हाइकास गोळी आणि पनीर-चीज यांत किमान ४ तासांचे अंतर ठेवावयास सांगावे, कारण कॅल्शियममुळे गोळीचे शोषण घटते. टेट्रासायक्लिन वर्गातील औषधांबाबतही अंतर राखणे आवश्यक आहे. दुसरे असे की, दुग्धेतर स्नेह मिसळलेला पदार्थ पनीर वा चीज या नावाने विकता येत नाही. तो ‘ॲनालॉग’ म्हणून विकावा लागतो. स्वस्त पनीर कोठे मिळते असे रुग्णाने विचारल्यास आवेष्टनावरील घटकांत वनस्पती तेल आहे काय, ते प्रथम वाचावयास सांगावे. सुट्या मालाला असे लेबल नसते, तेव्हा दूध आणून घरीच पनीर करावे, हा सल्ला अधिक उपयोगी पडतो.