तुमचे देव किती?

गोंदिया-डोंगरगड मार्गावरच्या दरेकसा स्टेशनात गाडी थांबली आणि अर्धी रिकामी झाली. डोक्यावर गाठोडी, खांद्यावर लेकरं, हातात सप्तरंगी झेंडे. माघ पौर्णिमेला दोन दिवस होते आणि सगळ्यांना सालेकसा तालुक्यातल्या धनेगावाकडे, कचारगडाच्या गुहेकडे जायचं होतं. ‘एवढी माणसं निमंत्रणाशिवाय गोळा होतात कशी, ते बघून ये,’ असं सांगून संपादकांनी मला धाडलं होतं.

कचारगडचा छापील इतिहास थोडक्यात सांगता येतो. गोंडांच्या कथेत कली कंकालीची तेहेतीस लेकरं या गुहेत कोंडली गेली होती. नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारे भाषा-संशोधक मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५), ‘गोंडवाना दर्शन’ मासिक चालवणारे सुन्हेरसिंह ताराम आणि त्यांचे मोजके सोबती १९८०च्या दशकात कथेतल्या त्या जागेचा माग काढत इथे आले. पुढच्या माघ पौर्णिमेला आणखी माणसं आली, त्यापुढच्या वर्षी आणखी. आज मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा राज्यांतून लोक येतात. संख्या लाखांत जाते.

गावाबाहेर पळसाखाली एक म्हातारबुवा बसले होते. मांडीवर किंगरी. लाकडाचं छोटं खोकं, त्याच्यावर ताणलेलं कातडं, गज ओढला की माणसाच्या गळ्यातून निघावा तसा किनरा, ओलसर सूर. बाबा परधान. गोंडांच्या घरी जाऊन त्यांच्या कुळाची गाथा गायची, जन्म-मरण लक्षात ठेवायचं, हे परधानांचं पिढीजात काम. मी समोर बसलो. माझ्या आधी एक तरुण जोडपं येऊन बसलं होतं, गडचिरोलीकडचं. बाबांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

‘देव किती तुमचे?’

‘सहा,’ नवरा म्हणाला. बायको सातदेवी. बाबांनी मान हलवली. बाजूला छिंदवाड्याहून आलेला एक प्रौढ गृहस्थ ऐकत होता. तो पुढे सरकला, ‘मी पण सहादेवे,’ म्हणाला, आणि त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला. क्षणापूर्वी एकमेकांना ठाऊक नसलेले दोघे भाऊ झाले. मुलाच्या बायकोने लगेच पदर सावरला, कारण समोर आता जेठ होता.

मी त्या दिवशी दुसरं काही पाहिलं नाही. या एकाच प्रश्नापाशी बसून राहिलो. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे. गोंडीत नालूंग, सैयूंग, सारूंग, येरूंग. आकडा एकच असेल तर तुम्ही भाऊबंद, लग्न होत नाही. आकडा वेगळा असेल तर सोयरीक होऊ शकते. त्याखाली कुळं, परंपरेने मोजलेली साडेसातशे, आणि प्रत्येक कुळाने जपायचं एक झाड, एक प्राणी, एक पक्षी. आदिलाबादचा गोंड आणि बालाघाटचा गोंड, एक तेलुगू बोलणारा, एक हिंदी, दोघांना एका शब्दाच्या उत्तरात कळतं की समोरच्याशी कसं वागायचं, कुणाच्या चुलीपाशी बसायचं, कुणाची थट्टा करायची आणि कुणाची नाही. इथे पथारी पसरायला जागा आणि पानात भात याच आकड्याच्या जोरावर मिळतो. इतकी साधी आणि इतकी मजबूत गोष्ट मी क्वचितच पाहिली आहे.

ही रचना आपला आदिगुरू लिंगो याने घालून दिली, असं गोंड मानतात. पण कथेत ही रचना होण्याआधी एक वादक येतो, हिरासुका पाटालीर. गुहेच्या तोंडावरची धोंड कुणाला हलेना, तेव्हा त्याने किंगरी वाजवली. सुरांनी आतल्या लेकरांच्या अंगात बळ आलं, धोंड सरकली आणि त्याच धोंडेखाली तो चिरडला गेला. बाबांनी हे सांगितलं तेव्हा गज खाली ठेवला होता. आपल्याच घरातलं मरण सांगावं तसा त्यांचा आवाज होता.

त्यांची मुलं किंगरी वाजवत नाहीत. एक ट्रॅक्टर चालवतो, एक नागपुरात मजुरीला आहे. यजमान गोंडांची पोरंही पुण्या-सुरतेला गेली, मग कुणाच्या दारात जाऊन गायचं? यात्रेत लाऊडस्पीकर चहूकडे आहेत. त्यांच्या आवाजात किंगरी दोन हातांवरूनही ऐकू येत नाही. जत्रेच्या पालांत साडेसातशे कुळांचे रंगीत तक्ते विकायला आहेत आणि ते घेणाऱ्यांचं मी मनापासून कौतुक करतो. पण तक्त्यात अडचण आहे. एकच आडनाव एका मुलखात एका आकड्यात, दुसऱ्या मुलखात दुसऱ्या आकड्यात येतं. परधानाला ते ठाऊक असतं, कारण अडलं तर तो गाव विचारतो, आजोळ विचारतो. छापलेल्या कागदाला ते विचारता येत नाही.

भाषेचंही तसंच. गोंड एक कोटीहून अधिक, पण २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे जेमतेम ३० लाख. अनेक राज्यांतल्या बोली जुळवून सुमारे ३,००० शब्दांचा प्रमाण कोश २०१८ मध्ये तयार झाला. मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये केलेली लिपी जवळजवळ शंभर वर्षांनी संगणकात आली. एवढं होऊनही आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. बहुतेक ठिकाणी शाळेत ती मुलांच्या कानावर पडत नाही. ज्या पोराला सारूंग म्हणजे सहा हे कळत नाही, त्याला बाबांची गाथा कशी कळणार?

संध्याकाळी पळसाखाली एक विशीतला मुलगा आला. रायपूरला कॉलेजात शिकणारा, पिवळा गमछा नवा कोरा.

‘देव किती, बेटा?’

तो गप्प. आडनाव सांगितलं. बाबांनी गाव विचारलं, आजा कुठचा विचारलं, आईचं माहेर विचारलं. माहेर त्याला माहीत नव्हतं. त्याने फोन काढला, रेंज मिळेना म्हणून बांधावर चढला. बाबांनी किंगरी पिशवीत भरायला घेतली होती, ती पुन्हा मांडीवर ठेवली. पुढे गेलेली मंडळी गुहेच्या पायऱ्या चढू लागली होती. बांधावरून आवाज आला, ‘आई, आपले देव किती गं?’