फलकावरचा ‘सह’

प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला जाहीर झालेल्या २०२६ च्या पद्म पुरस्कारांत रघुवीर खेडकर यांना कला या वर्गात पद्मश्री मिळाली आणि बहुतेक बातम्यांनी त्यांची ओळख ‘तमाशा कलावंत’ अशी करून दिली. ही ओळख चुकीची नसली तरी अर्धीच आहे. खेडकर सोंगाड्याचे, म्हणजे वगातल्या विनोदी नटाचे, काम करतात हे खरे, परंतु ते फडमालकही आहेत, आणि शहरी व्यावसायिक रंगभूमीवर ज्याला निर्माता म्हणतात त्याच्याहून हे पद अधिक जोखमीचे आहे. निर्माता नाट्यगृहाची तारीख मिळवतो. फडमालकाला तंबू, कनाती, रंगमंचाच्या फळ्या, जनरेटर आणि शंभराच्या आसपास माणसांचा स्वयंपाक असे सगळे नाट्यगृहच मालमोटारींवर लादून गावोगावी न्यावे लागते.

या व्यवसायाचा खरा दस्तऐवज फडाच्या नावात सापडतो. खेडकरांच्या फलकावर ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ’ असे लिहिलेले असते. यातील ‘लोकनाट्य’ हा शब्द स्वातंत्र्यानंतर तमाशावर आलेल्या बंदीची आणि पाठोपाठ नेमल्या गेलेल्या सुधारणा समितीची आठवण आहे. सभ्य दिसण्यासाठी चढवलेली ती झूल पुढे कोणी उतरवलीच नाही. ‘सातारकर’ हे आडनाव नसून गावाची खूण आहे, कारण तमाशात कलावंताची पत बहुधा गावाच्या नावाने चालते. मात्र या फलकावरचा सर्वांत वजनदार शब्द ‘सह’ हाच होय, कारण तो मालकीतला वाटा सांगतो आणि वारसाही सांगतो.

रघुवीर यांच्या आई कांताबाई साताऱ्यात वाढल्या, तुकाराम खेडकर या नामवंत फडमालक-नटाच्या फडात आल्या आणि त्यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. १९६४ मध्ये तुकारामांचे निधन झाल्यावर लहान मुलांना घेऊन त्यांना पुन्हा पहिल्यापासून उभे राहावे लागले, आणि पुढे त्यांनी स्वतःचा फड काढला. पुरुषी भूमिका तडफेने करणारी ही बाई रात्री वगातला राजा असे आणि दिवसा फडाचा हिशेब पाही. मुले फडाच्या राहुट्यांत वाढली व बोर्डावर उभी राहिली, त्यामुळे रघुवीर यांचे शिक्षण नटाचे आणि मालकाचे असे एकाच वेळी झाले. हाच क्रम नारायणगावकरांच्या घरातही दिसतो: भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड, भाऊंची कन्या विठाबाई, तिची कन्या मंगला बनसोडे आणि आता फलकावर आईच्या शेजारी मुलगा नितीनकुमार. याला घराणेशाही म्हणून नाक मुरडणे सोपे आहे, पण ज्या धंद्याला बँक सहजी दारात उभी करत नाही तेथे घर हेच भांडवल असते.

भांडवलाचा हा प्रश्न ‘उचल’ या शब्दाभोवती फिरतो. हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो, परंतु कलावंत बांधून ठेवण्यासाठी मालकाला त्यांना आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, आधीच द्यावी लागते, आणि ती बहुतेकदा सावकाराकडून आणलेली असते. गुढीपाडव्यापर्यंत तंबू ठोकून तिकिटावर खेळ चालतात, त्यानंतर गावजत्रांच्या सुपाऱ्या लागतात, म्हणजे गावकरी ठरावीक रकमेला अख्खा खेळ विकत घेतात. त्यासाठी पंच नारायणगावच्या राहुट्यांत येऊन घासाघीस करतात. सटाण्याच्या वाचकाला हे गणित वेगळे समजावण्याची गरज नाही. देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा मार्गशीर्ष वद्य एकादशीला सुरू होते तेव्हा कसमादे पट्ट्यात लाल कांदा बाजारात असतो, आणि सुपाऱ्या ठरतात तेव्हा उन्हाळ कांदा निघत असतो. भाव पडला की जत्रेच्या वर्गणीला कात्री लागते आणि ती कात्री शेवटी फडाच्या सुपारीवर चालते. तमाशाच्या ऱ्हासाचे खापर सरसकट मोबाइलवर फोडणाऱ्यांनी हे बाजारभाव एकदा पाहावेत.

करोनाने ही रचना किती तकलादू आहे ते दाखवले, कारण २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी जत्रांचे ऐन दिवस बुडाले, तर उचलीचे व्याज मात्र चालूच राहिले. त्या दुसऱ्या बंद हंगामातच, २५ मे २०२१ रोजी, कांताबाईंचे करोनाने संगमनेरात निधन झाले. फलकावरून त्यांचे नाव उतरवण्यात आले नाही. पद्म पुरस्कारांच्या सरकारी यादीत मात्र रिवाजाप्रमाणे ‘रघुवीर तुकाराम खेडकर’ असे छापले गेले आहे: तेथे वडील आहेत, ‘सह’ नाही.