प्रशीतित कंटेनरमधील विद्युत् दोष

फळे, मांस, मासे, औषधे इ. नाशवंत माल ठराविक तापमानास राखून दूरवर नेण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या व स्वतःचे प्रशीतन यंत्र असलेल्या उष्णतानिरोधित पेटीस प्रशीतित कंटेनर म्हणतात. १९८९ मध्ये कार्यान्वित झालेल्या, नवी मुंबईतील न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून नाशिकची द्राक्षे, गोठविलेले मांस इ. माल अशा कंटेनरांतून निर्यात होतो. द्राक्षे ०° से.च्या आसपास, तर गोठविलेला माल सामान्यतः –१८° से. तापमानास ठेवतात. भिंतींतील निरोधक थरामुळे यंत्र बंद पडल्यावर आतील तापमान लगेच चढत नाही. मात्र एकदा उबलेली द्राक्षे पुन्हा थंड केली, तरी त्यांचा गेलेला टिकाऊपणा परत येत नाही. म्हणून दोष त्वरित व क्रमाने शोधणे आवश्यक असते.

विद्युत् पुरवठा : यंत्राला ३८० ते ४६० व्होल्टचा, ५० वा ६० हर्ट्झचा त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. जोडखिळीस (प्लगास) तीन कलांचे तीन व भूसंपर्काचा एक असे चार खिळे असतात. बंदरात व जहाजावर तेथील पुरवठा, तर रस्त्याने जाताना डीझेल जनित्र संच वापरतात.

दोषशोधन : तपासणी पुरवठ्यापासून सुरू करून आत नेतात. यंत्र पूर्ण बंद असल्यास प्रथम जोडखीळ, केबल व मंडल खंडक (दोष उद्‌भवताच प्रवाह तोडणारी कळ) पाहतात आणि तिन्ही कलांमधील दाब मोजतात. एक कला तुटल्यास चलित्र (मोटर) नुसते गुणगुणते, उरलेल्या कलांतील प्रवाह वाढतो आणि वेटोळी तापून जळण्याची भीती असते. कलांचा क्रम उलटल्यास पंखे उलट फिरतात. आधुनिक यंत्रे हा क्रम आपोआप दुरुस्त करतात. पुरवठा ठीक असूनही यंत्र चालू होत नसल्यास कमी दाबाच्या नियंत्रण मंडलातील वितळतार व रोहित्र तपासतात.

मंडल खंडक वारंवार तुटत असल्यास प्रवाहाची जमिनीकडे गळती संभवते. खारी दमट हवा आणि पावसाळा यांमुळे किनारी भागात जोडखिळी गंजतात व त्यांत ओल शिरते. हिमनिवारक तापकांतही असा दोष आढळतो. एकेक भाग सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने निरोधन मोजतात. ते १ मेगोहमपेक्षा कमी भरल्यास तो भाग सदोष समजतात. या चाचणीपूर्वी इलेक्ट्रॉनीय नियंत्रक सोडवून ठेवणे आवश्यक असते, अन्यथा तो निकामी होतो.

संपीडक चालू असूनही तापमान चढत असल्यास दोष प्रशीतकाच्या गळतीचाच असतो असे नाही. तापक तुटल्यास बाष्पित्रावर बर्फ साचून हवेचा मार्ग अडतो. तसेच तापमान संवेदक बिघडल्यास नियंत्रकास चुकीचे तापमान कळते. संपीडक बदलण्यापूर्वी या दोन्ही शक्यता तपासतात.

सुरक्षा : काम सुरू करण्यापूर्वी पुरवठा तोडून जोडखीळ काढून ठेवतात व कळ कोणी चालू करू नये म्हणून ती कुलूपबंद करतात. धारित्रांत त्यानंतरही विद्युत् भार टिकून राहत असल्याने काही मिनिटे थांबून व दाब शून्य झाल्याची खात्री करूनच आतील भागांस हात लावतात.