तारेच्या घरांत बिनतारी

आमच्या लहानपणीं घरांत रेडिओ ठेवावयाचा म्हणजे पोस्टांत पैसे भरून परवाना घ्यावा लागे. आज वाशीमच्या आमच्या घरीं एक डबी लावून आम्ही स्वतःच लहरी सोडीत आहों, आणि परवान्याची कोणी विचारपूसहि करीत नाहीं, कारण २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारनें अल्प शक्तीच्या यंत्रांसाठीं २००५ सालीं खुला केला.

ही डबी कां आली तें सांगतों. माझा मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. सून व नातू येथें. रात्रीं नऊ वाजतां बापलेक एकाच खेळांत उतरतात, आणि खेळतां खेळतां शाळा, परीक्षा, सगळें बोलून घेतात. मला प्रथम हा काळाचा अपव्यय वाटे. आतां वाटत नाहीं. नातवाच्या माडीवरील यंत्रास खालच्या राउटरपासून तार नेलेली आहे. पण सुनेला माडीवर फोन वापरावयाचा, तर जुन्या जाड भिंतींतून खालची लहर वर येईना. कोणीं सुचविलें, तार काढून सगळेंच बिनतारी करा.

तें मीं केलें नाहीं. तार म्हणजे दुपदरी रस्ता. जाणारा येणाऱ्यास अडवीत नाहीं. बिनतारी हा चाळीस मुलांचा वर्ग आहे. एका वेळीं एकानेंच बोलावें. आधीं कान द्यावा, शांतता असेल तर तोंड उघडावें, दोघे एकदम बोलले तर दोघांनींहि पुन्हां प्रयत्न करावा. शेजाऱ्याचा राउटर त्याच मार्गावर असेल तर त्याचीं मुलेंहि याच वर्गांत बसतात. चित्रपट पाहणाऱ्यास हा खोळंबा जाणवत नाहीं, कारण पुढचा भाग आधींच आणून ठेवलेला असतो. खेळांत तसें करतां येत नाहीं. पुढच्या क्षणीं बाप काय करील तें अजून घडावयाचेंच असतें. पडद्यावर सेकंदास ६० चित्रें धरलीं, तर एका चित्राच्या वांट्यास सुमारें १७ मिलिसेकंद येतात. घरांतल्या तारेंत एक मिलिसेकंदहि जात नाहीं. बिनतारींत कधीं दोन-तीन, तर गर्दींत कधीं पन्नासहि. वेग पुष्कळ असून खेळ अडखळतो तो या अनियमितपणामुळें.

म्हणून कपाटांतला जुना राउटर माडीवर नेला, खालून आलेली तार त्यांत खोंवली, आणि त्यांतूनच नातवाच्या यंत्रास दुसरी तार दिली. खेळ तारेवर, फोन बिनतारी. बाजारांतला साधा रिपीटर तेंच वाक्य दोनदां बोलून वर्गाचा दुप्पट वेळ खातो. तो घेतला नाहीं.

परंतु पहिल्या दिवशीं माझ्याच हातून चूक झाली. तार मीं 'वॅन' लिहिलेल्या भोंकांत लाविली. फोन चालूं लागला, सून संतुष्ट. रात्रीं मात्र खेळांत बापाचा आवाज नातवास ऐकूं येईना. घरास दोन देवडीवाले झाले होते. वरचा राउटर स्वतःस धनी समजून निराळे पत्ते वाटीत होता, आणि बाहेरची हांक खालच्या देवडीशींच अडत होती. दुसरे दिवशीं वरच्या राउटरची पत्ते वाटण्याची सोय, जिला डीएचसीपी म्हणतात, ती बंद केली. त्याला खालच्याच मालिकेंतला, पण दुसऱ्या कोणास न दिलेला पत्ता दिला. आणि तार 'लॅन'च्या भोंकांत घातली. २.४ च्या पट्ट्यांत १, ६ आणि ११ हे मार्ग एकमेकांस शिवत नाहींत. खालीं १ आहे, म्हणून वर ६ ठेविला.

त्या रात्रीं नऊ वाजतां मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलों होतों. नातू गणिताच्या पेपराविषयीं बापाला सांगत होता. मला त्यानें तें सांगितलें नव्हतें.