आकडा परत सांगा

पावसाळ्यातला रविवार. पुण्याहून लोणावळ्याला निघालो होतो आणि उर्से टोलनाक्यावर आमच्यापुढे पाच-सहा गाड्या होत्या. भाचा पुढच्या सीटवर. काचेला आतून चिकटवलेल्या फास्टॅगवर बोट ठेवून त्याने विचारलं, "मामा, याची बॅटरी कुठंय?"

बॅटरी नाहीच त्यात. तेवढं मी त्याला सांगितलं. पण मग तो कागदाचा तुकडा बोलतो कसा, हे काही मला नीट सांगता येईना. घरी परतल्यावर वाचत बसलो, आणि जे कळलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लेनच्या वर जो रीडर बसवलेला असतो, तो 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी खाली सोडत असतो. टॅगच्या आत धातूची एक पातळ नक्षी असते, तोच त्याचा अँटेना, आणि मधोमध मोहरीच्या दाण्याहून लहान चिप. येणाऱ्या लहरींमधूनच ती चिप कणभर वीज गोळा करते आणि जागी होते. म्हणजे प्रश्न विचारणाराच उत्तर देणाऱ्याला बळ पुरवतो! उत्तर द्यायला मात्र स्वतःची लहर सोडण्याइतकी ताकद तिच्यात नसते. म्हणून ती आलेली लहरच कमीजास्त परतवते. लहानपणी उन्हात आरसा धरून समोरच्या भिंतीवर कवडसा पाडायचो, आरसा हलवला की कवडसा नाचायचा. ऊन सूर्याचं, नाचवणं आपलं. टॅग तेच करतो, फक्त सेकंदाला हजारो वेळा.

इथवर भौतिकशास्त्र झालं. मला खरा चकवा दिला तो पुढच्या गोष्टीने. रीडरच्या टप्प्यात एकच टॅग असेल असं कुठे आहे? मागची गाडी पुढच्या गाडीला चिकटून उभी असते. लहर आली की टप्प्यातले सगळे टॅग एकदमच जागे होणार. सगळे एकदमच बोलले तर नुसता कल्ला. "तू थांब, आधी तू बोल" असं नाव घेऊन सांगावं, तर रीडरला त्यांची नावंच अजून माहीत नाहीत. अनोळखी माणसांनी भरलेल्या अंधाऱ्या खोलीत हजेरी घ्यायची आहे, असं समजा.

यावर ठरलेली रीत अशी. रीडर सगळ्यांना सांगतो: 0 ते 15 मधला एक आकडा मनात धरा. प्रत्येक टॅग आपापला आकडा धरतो. ज्याचा 0 आला त्याने बोलायचं. मग रीडर म्हणतो "पुढचा", की बाकीच्यांनी आपल्या आकड्यातून एक वजा करायचा; आता ज्याचा 0 झाला त्याची पाळी. गर्दी जास्त असेल तर रीडर आकड्यांची हद्द वाढवतो, कमी असेल तर घटवतो.

आणि पाळी आली तरी टॅग लगेच आपली ओळख सांगत नाही. आधी तो मनाला येईल तो एक आकडा बोलतो, 0 ते 65,535 मधला कुठलाही. रीडरने तोच आकडा परत म्हणायचा. तो ऐकला की त्या टॅगला खूण पटते: माझंच ऐकलंय, माझ्याशीच बोलणं चाललंय. मग तो आपला खरा क्रमांक देतो. दोघांना एकाच वेळी 0 आला तर त्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात, रीडर बहुतेकदा काहीच परत म्हणत नाही, आणि ते दोघंही काय समजायचं ते समजून त्या फेरीपुरते गप्प बसतात. हे सगळं होईपर्यंत आपली पापणीही लवलेली नसते.

पाळी दैवावर सोडायची ही रीत टोलनाक्यासाठी जन्मली नाही. 1970 च्या सुमारास हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्यापुढे असाच पेच होता. बेटाबेटांवर विखुरलेली टर्मिनल्स, आणि ओआहू बेटावरच्या मुख्य संगणकाला निरोप पाठवायला सगळ्यांत मिळून एकच रेडिओ वाहिनी. त्यांनी पाळी ठरवणारा नेमलाच नाही. प्रत्येकाने खुशाल बोलावं. पोच आली नाही तर आपला निरोप दुसऱ्याच्या निरोपावर आदळला असं धरावं आणि थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावं. किती थांबायचं, ते दैवावर सोडायचं, म्हणजे दोघं पुन्हा एकाच क्षणी बोलायची शक्यता कमी. या रीतीला त्यांनी नाव दिलं अलोहा. यात वाहिनीचा फार तर 18 टक्के वेळ कामी येतो. पुढे कुणीतरी सुचवलं की वेळेचे सारखे कप्पे पाडा आणि कप्प्याच्या सुरुवातीलाच बोला. तेवढ्याने तो आकडा दुप्पट, सुमारे 37 टक्के झाला, कारण एकाच्या निरोपाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला लागणं थांबलं. उर्स्याच्या नाक्यावर चालते ती याच रीतीची नात. लोणावळ्याच्या बंगल्यात दहा फोन एका वाय-फायवर लागतात, तेही आधी कानोसा घेऊन आणि दैवाने ठरेल तेवढं थांबून बोलतात. ते याच घराण्यातले.

पण माझं मन अडकलं ते आकडा परत म्हणण्यात. कारण ही गोष्ट या वाटेवरच्या मावळाला नवी नाही.

मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेपासून जवळच पुणे-लोणावळा लोहमार्ग आहे. भारतीय रेल्वेत स्टेशन मास्तर आणि फाटकावरचा गेटमन यांच्यात 'प्रायव्हेट नंबर' नावाची चीज चालते. दोघांकडे आकड्यांचे छापील तक्ते असतात, कुठलाही क्रम नसलेले. मास्तर फोनवर गाडी येत असल्याचं सांगतो. गेटमन फाटक बंद करतो आणि मग आपल्या तक्त्यातला पुढचा आकडा सांगतो. तो दोन्हीकडे वहीत उतरतो, तक्त्यावर त्याच्यावर काट मारली जाते, पुन्हा वापरायचा नाही. नुसतं "हो, बंद केलं" चालत नाही. "हो" सवयीनेही तोंडातून निघतो, कालचा "हो" आज ऐकल्याचा भास होतो. आकडा मात्र याच गाडीचा असतो. बोरघाटातही तसंच: कर्जतहून गाडी वर चढवायला मागे बँकर इंजिनं लागतात, चढ 37 ला 1, आणि पुढच्या इंजिनाच्या शिट्टीला मागच्याने शिट्टीनेच उत्तर द्यायचं ही तिथली जुनी चाल. एक ओढायला लागला आणि दुसऱ्याला पत्ताच नाही, असं घाटात चालणार कसं?

आता इंटरनेट पाहा. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 साली ज्याची मांडणी केली आणि 1 जानेवारी 1983 रोजी अर्पानेट ज्यावर गेलं, त्या टीसीपीची सुरुवात कशी होते? एक यंत्र 429 कोटींहून जास्त आकड्यांतला एक निवडतं आणि सांगतं. दुसरं त्यात एक मिळवून परत सांगतं आणि सोबत आपला आकडा देतं. पहिलं त्यातही एक मिळवून परत पाठवतं. मगच कामाचं बोलणं सुरू. पुढे निरोपाचे तुकडे होऊन निघतात ते त्याच आकड्यापासून मोजत. लग्नाचं वऱ्हाड मुंबईहून निघावं, काही जण जुन्या रस्त्याने, काही एक्स्प्रेस-वेने, काही रेल्वेने. पुण्यात कोण आधी पोचेल याचा नेम नाही. तुकड्यांचंही तसंच होऊ शकतं. पण प्रत्येकावर क्रमांक असतो, म्हणून पलीकडे ते ओळीने लागतात. मध्ये कोण गळालं ते कळतं, आणि पोच आली नाही तर तो तुकडा पुन्हा पाठवला जातो.

मास्तर आणि गेटमन, रीडर आणि टॅग, मुंबईतला संगणक आणि कॅलिफोर्नियातला संगणक. बोलताना यातल्या कुणालाच दुसरा दिसत नाही. मधल्या वाटेवर कुणाचाच पुरता भरवसा नाही: तार तुटते, पाऊस कोसळतो, आवाज आवाजात मिसळतो. आणि तरी या सगळ्यांनी तोच तोडगा काढला. मला हे फार मोठं वाटतं.

त्या दिवशी दांडा वर गेला आणि आम्ही निघालो. टोलच्या पैशांचा निरोप तेव्हा कुठे नाक्यावरून एका बँकेकडे, तिथून बँकांना जोडणाऱ्या एनपीसीआयकडे, तिथून माझ्या बँकेकडे निघाला असेल. आम्ही कामशेतच्या बोगद्यात शिरलो आणि फोनची रेंज गेली. तेवढ्यात बँकेचा एसएमएस आला असेल तरी देणार कुणाला? मोबाइल कंपनीचं केंद्र अशा वेळी निरोप ठेवून घेतं आणि फोनने "मिळाला" म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा देऊन पाहतं. बोगदा संपला, काचेवर पुन्हा पाऊस वाजायला लागला, आणि भाच्याच्या हातातला माझा फोन थरथरला.

"मामा, पैसे गेले," तो म्हणाला.