बँकेने ऐकले नाही तर? लोकपालाचे दार कोणासाठी उघडे, कोणासाठी बंद

एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम गेली. कर्ज फिटले, तरी दाखला मिळत नाही. जळगाव-धुळ्यात अशा तक्रारी घेऊन आपली माणसे शाखेत चकरा मारतात आणि मजुरी बुडते म्हणून शेवटी गप्प बसतात. शाखेच्या पुढे कोणते दार आहे आणि तिथे बसलेला माणूस कोणाचा, हे आपण समजून घेतले पाहिजे.

रिझर्व्ह बँकेने 1995 मध्ये बँकिंग लोकपाल योजना आणली. बँका, वित्त कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्या वेगवेगळ्या योजना 12 नोव्हेंबर 2021 रोजी एकत्र करून 'एकात्मिक लोकपाल योजना' सुरू झाली. लोकपाल हा रिझर्व्ह बँकेचाच अधिकारी असतो. त्याची नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी होते. त्याच्या कार्यालयाचा आणि कर्मचाऱ्यांचा खर्च रिझर्व्ह बँक करते. ज्या बँकेविरुद्ध तक्रार आहे, तिचे मीठ तो खात नाही, ही जमेची बाजू. पण त्याच्या निवाड्यावरचे अपीलही रिझर्व्ह बँकेच्याच कार्यकारी संचालकाकडे जाते. नियम करणारी आणि न्याय देणारी संस्था एकच असावी का, हा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो. तरीही असलेला हक्क वापरलाच पाहिजे.

पद्धत सोपी आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर लोकपालाकडे जा. तक्रार संकेतस्थळावर करता येते किंवा रिझर्व्ह बँकेच्या चंदीगड येथील केंद्राकडे टपालाने पाठवता येते, तीही मराठीत. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. फी नाही, वकीलही लागत नाही. 2021 च्या योजनेत नुकसानभरपाईची मर्यादा 20 लाख रुपये आहे; मनस्तापासाठी आणखी 1 लाखापर्यंत रक्कम मिळू शकते.

आता खानदेशासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल पतसंस्थेची तक्रार घेत नाही. बँकेतील ठेवीला असलेले 5 लाखांपर्यंतचे विमा संरक्षणही तिथे नाही. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी (बीएचआर) या बहुराज्यीय पतसंस्थेत ठेवीदारांचे पैसे अडकले आणि 2015 मध्ये तिच्यावर अवसायक नेमला गेला. त्या वेळी या ठेवीदारांसाठी लोकपालच नव्हता. 2023 मध्ये बहुराज्यीय सहकारी संस्था कायद्यात दुरुस्ती झाली आणि केंद्र सरकारने नेमायच्या सहकारी लोकपालाची तरतूद आली. सभासदाच्या ठेवीबाबतच्या तक्रारीची चौकशी त्याने तीन महिन्यांत पूर्ण करायची आहे. पतसंस्था राज्याच्या कायद्याखाली नोंदलेली असेल, तर मात्र जिल्हा उपनिबंधकांकडेच जावे लागते.

लोकपाल न्याय देऊ शकतो, पण बुडालेली संस्था उभी करू शकत नाही. म्हणून पैसे ठेवण्याआधीच विचारा: ही बँक आहे की पतसंस्था? नोंदणी कोणत्या कायद्याखाली? ठेवीला विमा आहे का? निवृत्तीची, लेकीच्या लग्नाची, घामाची पुंजी जास्त व्याजाच्या आशेने कुठेही ठेवू नका. आणि प्रत्येक कागदाची पोच जपून ठेवा. उद्या तोच कागद तुमच्या बाजूने बोलणार आहे.